दिवेलागणीनंतर पानं तोडू नयेत

मागच्या अमावस्येची गोष्ट. साडेसात वाजले असतील, कुकर लावून मी बाल्कनीतले कपडे काढत होते तर बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची मुलगी. तेवीस-चोवीसची असेल, आयटीत आहे, घरूनच काम करते, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहते, लिफ्टमध्ये भेटली की हसते, एवढीच काय ती ओळख. म्हणाली, "काकू, तुमच्याकडे तुळस आहे ना, मला सात पानं हवी होती." मी म्हटलं, "आत्ता? दिवे लागले की गं. सकाळी ये." "का?" "अगं, झाडं झोपलेली असतात आता." हे माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की म्हणून झाल्यावर मलाच कळलं की हे मी नाही, आई बोलली. पण त्या मुलीचे डोळे चमकले, तिने मोबाईल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या ते वाक्य टाइप करून घेतलं. मग एकदम आपल्यातली समजून म्हणाली, "म्हणजे काकू, तुम्ही पण प्रॅक्टिस करता?" मला आधी गाण्याबिण्याची वाटली. "कसली प्रॅक्टिस?" "मी ना, ग्रीन विच आहे. झाडांचं करते सगळं." मी हसले. जरा जास्तच हसले बहुतेक. आणि म्हटलं, "छे गं, असलं काही नसतं." ती बिचारी "ओके काकू" म्हणून जिन्याने उतरून गेली. दार लावताना माझं लक्ष वर गेलं. चौकटीला काळ्या दोऱ्याने उलटी टांगलेली कोरफड. माझ्याच हाताने, गेल्या वर्षी नवऱ्याच्या अँजिओप्लास्टीनंतर टांगलेली.

आता काय बोलणार.

त्या रात्री झोप लागेना. तशी गोष्ट अगदीच फालतू, पण ते "असलं काही नसतं" डोक्यात फिरत राहिलं. कारण मी खोटं बोलले होते का तर तेही नाही. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, मला कोणी विचारलं की कोरफडीने घर राखलं जातं का तर मी नाहीच म्हणेन. ती मातीशिवाय जगते याचं कारणही मला माहितीये, पानांत पाणी साठवलेलं असतं आणि श्वास घ्यायची छिद्रं ती रात्री उघडते, दिवसा बंद ठेवते, त्यामुळे पाणी उडून जात नाही. एवढं सगळं माहीत असून मी रोज दूध घ्यायला दार उघडते तेव्हा आधी वर बघते. कडेची दोन पानं सुकून तपकिरी झालीत पण मधला कोंब हिरवा आहे. तो हिरवा दिसला की बरं वाटतं. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

सकाळी ती आली, पानं घेऊन गेली आणि रविवारी मला खाली चहाला बोलावलं. तिची बाल्कनी बघून मी गारच पडले. चार फुटांची जागा, त्यात सगळ्या काळ्या कुंड्या आणि प्रत्येक कुंडीला लाकडी चमच्यावर लिहिलेली पाटी. रोझमेरी संरक्षणासाठी, लॅव्हेंडर झोपेसाठी, बेसिल पैशासाठी, थाइम धैर्यासाठी. शिवाय काचेच्या बाटलीत पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेलं पाणी. रोझमेरी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून आणलेली म्हणे, आणि आता ती खालून काळी पडत चालली होती. मी बोट घातलं तर माती चिखल. म्हटलं, "अगं हे भूमध्य समुद्राकाठचं झाड, कोरड्या खडकाळ जमिनीतलं, त्याला तू आपल्या जुलैत उघड्यावर ठेवलंयस आणि वरून रोज पाणी घालतेस, मुळं कुजली त्याची." लॅव्हेंडरची तर नुसती काडी उरली होती. सोप्पंय ना, तिकडच्या चेटकिणींची झाडं पुण्याच्या पावसात टिकत नाहीत. टवटवीत होतं ते फक्त बेसिल, आणि ते टवटवीत असणारच कारण तो आपला सब्जा. फालुद्यात घालतो तो, दर्ग्याबाहेर गुलाबांबरोबर विकायला असतो तो. तुळशीचा सख्खा चुलतभाऊ. तिला सांगितलं तर आधी पटेना, मग मंजिरी चुरगाळून वास दिला आणि माझ्या पर्समध्ये कागदाच्या पुडीत तुळशीची होती ती दिली (हो, माझ्या पर्समध्ये असते, विचारू नका). दोन्ही नाकाला लावून बघत बसली कितीतरी वेळ.

मग तिने मोठ्या कौतुकाने एक वाळलेली जुडी दाखवली, ऑनलाइन मागवलेली, मगवर्ट, उशीखाली ठेवायची म्हणजे स्वप्नं नीट पडतात. साडेसहाशे रुपये. मी वास घेतला आणि मला चैत्रातला जोतिबा आठवला, गुलाल आणि खोबरं आणि दवणा. अगदी तोच नाही, थोडा कडसर, पण त्याच घराण्यातला. घरी येऊन शोधलं तर खरंच, दोघंही आर्टेमिसिया. म्हणजे साडेसहाशे रुपये देऊन ही मुलगी दवण्याची परदेशी बहीण उशाशी घेऊन झोपते आणि कोल्हापूरकडची माणसं दहा-वीस रुपयांचा दवणा देवाला वाहून उरलेला कपाटात कपड्यांमध्ये ठेवतात. मला हसू आलं, आणि मग हसण्याचा कंटाळाही आला, कारण सारखं त्या पोरीला हसून मी नक्की काय सिद्ध करत होते?

माझी बाल्कनी काही कमी नाहीये. मोजायला गेले तर यादीच होते. तुळस, गवती चहा, ओव्याचं जाड पानांचं झाड, अडुळसा, दुर्वांचं घमेलं, एक हट्टी कढीपत्ता. रुई, जी मी लावली नाही, आपोआप उगवली भिंतीच्या फटीत आणि सोसायटीच्या माळ्याला मी ती उपटू दिली नाही कारण शनिवारी मारुतीला पानं लागतात. त्या रुईवर दर पावसाळ्यात काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या येतात आणि मारुतीच्या वाट्याची निम्मी पानं खाऊन टाकतात, मग एक दिवस पानाखाली हिरवट मण्यासारखे कोष लटकतात आणि त्यातून केशरी फुलपाखरं निघतात. पहिल्या वर्षी मी अळ्या वेचून टाकल्या होत्या. आता मारुती ॲडजस्ट करतो.

मिरचीचं रोप पण आहे, आणि ते नुसतं भाजीसाठी नाहीये हे मला कबूल करायलाच हवं. नातू आला की जाताना मी त्याची दृष्ट काढते. मीठ, मोहरी, सात मिरच्या, तीनदा उतरवायचं, आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, कुणाची लागली असेल ती जळून जावो, आणि गॅसवर तव्यात टाकायचं. ठसका आला तर दृष्ट नव्हती, नाही आला तर होती, हे शास्त्र आमच्या घरातलं, दुसऱ्या घरात बरोबर उलटंही असेल. मुलगी चिमणी लावते आणि खिडक्या उघडते, बोलत काही नाही. पण गंमत बघा, मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे आमच्या या "पूर्वापार चालत आलेल्या" मिरच्या पाचएकशे वर्षांच्या आतल्याच. त्याआधीच्या आज्या काय जाळत होत्या कोण जाणे, नुसती मोहरी असेल. आणि मिरची, वांगं, टोमॅटो, बटाटा आणि महादेवाचा धोत्रा हे सगळे एकाच कुळातले. तिकडे युरोपात चेटकिणी अंगाला मलम फासून उडतात असं म्हणायचे, त्या मलमाच्या जुन्या कृतींत बेलाडोना वगैरे जी नावं येतात तीही याच कुळातली. धोत्रा मात्र मी घरात आणलेला नाही. तिला पण बजावून सांगितलं, फुलं कितीही सुंदर दिसली, फोटो कितीही छान आले तरी त्याच्या नादी लागायचं नाही, बी पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो, जिवावरही बेततं.

आणि वेखंड.

वेखंड माझ्याकडे भोक नसलेल्या एका निळ्या बादलीत आहे, कारण त्याला पाय पाण्यात लागतात. लांब तलवारीसारखी पानं, एका कडेला बारीक चुण्या, फूल म्हणाल तर कधीतरी येतं आणि आलेलं कळतही नाही. दिसायला गवत. पण गड्डा खुरप्याने नुसता दुखावला तरी जो वास सुटतो तो सुटतो, गोड, कडू, दमट, थोडासा देवघरातल्या बंद कपाटासारखा. बाळंतिणीच्या खोलीचा वास म्हणजे हाच, त्यात ओव्या-बाळंतशेपांची धुरी मिसळली की झालं. न्हाऊ घातल्यावर टाळूला पूड, सहाणेवर उगाळून घुटीत दोन वळसे, जुन्या पोथ्यांच्या पेटीत कसर लागू नये म्हणून तुकडे. माझ्या मुलीने तिच्या वेळी घुटीला साफ नाही म्हटलं, डॉक्टरांनीही नाही म्हटलं, आणि वर तिने मला वाचायला पाठवलं की वेखंडात बीटा-असारोन असतं आणि अमेरिकेत खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला १९६८ पासून बंदी आहे. मी दोन दिवस रुसून बसले होते. नंतर वाटलं, बरोबर आहे तिचं, पोटात नकोच. टाळूला तरी लावू दे म्हटलं, तर तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढे केली.

हे वेखंड मी कुठून आणलं असं कोणी विचारलं की मी नर्सरीतून म्हणते. नर्सरीतलं नाहीये ते.

राजापूरच्या बाजूला आमचं गाव. मी सात-आठ वर्षांची असेन, धाकटा भाऊ चार-पाच महिन्यांचा, आणि तो एका रात्री जो रडायला लागला तो थांबेचना. पाय पोटाशी घ्यायचा आणि काळानिळा व्हायचा. आई रडकुंडीला आली, आजीने दृष्ट काढून झाली, शेवटी वडील कंदील घेऊन बाहेर पडले आणि पाणंदीतल्या आजीला घेऊन आले. तिचं नाव मला आजही माहीत नाही, सगळे पाणंदीतलीच म्हणायचे. तांबडं आलवण नव्हतं तिचं, साधं विटकं लुगडं, कपाळ मोकळं, आणि पदराच्या टोकाला कायम एक गाठ, त्यात काही ना काही बांधलेलं. ती मागीलदाराने आली. पुढून नाही. हे तेव्हा मला काहीच वाटलं नाही, मागून येणारी माणसं मागूनच येतात एवढंच माहीत. तिने गाठ सोडली, वेखंडाचा तुकडा आणि मुरुडशेंग काढली. मुरुडशेंग बघितलीय का तुम्ही? दोरीला पीळ दिल्यासारखी शेंग असते. मला जवळ बोलावून म्हणाली, "बघ, हीस पण मुरडा पडलाय, म्हणून ती पोटातला मुरडा ओळखते." केवढं साधं लॉजिक! मोठेपणी वाचलं की युरोपातले जुने वैदू पण असंच मानायचे, अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्याला चांगला, वगैरे. पण मला त्या रात्री ते कुठल्याही शास्त्रापेक्षा खरं वाटलं होतं. तिने सहाणेवर दोन्ही उगाळलं, थोडं चाटवलं, थोडं कोमट करून बेंबीभोवती लावलं, आणि हात तसाच पोटावर ठेवून बसली. सहाणेचा तो खर्र खर्र आवाज, कंदिलाची काजळी, आणि भाऊ हळूहळू ढिला पडला आणि झोपला. आईने तिला चहा दिला. कप वेगळा होता, कान तुटलेला, मागच्या फळीवरचा. तो तिने पिऊन स्वतःच धुऊन पालथा घातला आणि उजाडायच्या आत गेली.

पुढच्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू झालं, डाळ-पन्हं, अख्खा गाव. तिला अर्थातच बोलावणं नव्हतं. आणि त्याच पावसाळ्यात भावाला ताप भरला तर माझी आजी, जिने त्या रात्री तिला हात जोडले होते ती, पहिलं वाक्य काय बोलली तर "त्या अवदसेने हात लावला होता पोराला." गावात तेव्हा दोन म्हशी मेल्या होत्या. त्याही तिच्याच खात्यावर. कुणी काही तोंडावर बोलत नसे, पण तिच्या घरावरून जाताना बायका मुलांना पदराखाली घ्यायच्या. करणी येते तिला. चेटूक येतं. तिच्या परसात बघा काय काय लावलंय. आणि लावलं काय होतं तर निर्गुडी, अडुळसा, कोरफड, विहिरीच्या पन्हळीखाली वेखंड. आत्ता माझ्या बाल्कनीत आहे त्यातलंच अर्धं. मी तिच्या परसात एकदाच गेले होते, बॉल आणायला, तर ती निर्गुडीच्या बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवत होती. उद्या पानं काढायचीत म्हणून आज सांगून ठेवतेय म्हणाली. गेल्या रविवारी खालची मुलगी चहा गाळता गाळता म्हणाली, "काकू, मी तोडायच्या आधी झाडाला परमिशन विचारते, तुम्हाला फनी वाटेल," आणि माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

नंदुरबारकडे डाकीण म्हणतात, पालघरच्या बाजूला भुताळी. नावं बदलतात, बाई तीच, एकटी, थोडीशी जमीन असलेली, कुणाला तरी नकोशी झालेली. त्यांच्या बातम्या येतात तेव्हा आतल्या पानावर चार ओळी असतात. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना मारलं ते २० ऑगस्ट २०१३ ला, आणि ते ज्याच्यासाठी झगडत होते तो, इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरात झाला. आता एखाद्याला करणी करतो, चेटूक करतो म्हणून बदनाम करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं. आमच्या गावावर कोणी केस टाकली असती का? आणि टाकली असती तर माझ्या आजीला धरून? वेगळा कप देणाऱ्या आईचं काय? या प्रश्नांची मला उत्तरं नकोत, खरं सांगायचं तर.

म्हणून त्या पोरीने "मी विच आहे" असं लिफ्टसमोर मोठ्याने, हसत, कानात ते चंद्राचे झुमके घालून म्हटलं ना, तेव्हा मी हसले त्यात नुसती टिंगल नव्हती. थोडा राग होता, की बाई गं तुला हा शब्द किती स्वस्तात मिळाला. आणि असूया पण असेल थोडी. तिला कुणी मागीलदाराने ये म्हणणार नाही. फार तर सोसायटीच्या ग्रुपवर कुंड्यांचं पाणी खाली गळतं म्हणून मेसेज पडेल.

पाणंदीतली गेली तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची. मूलबाळ नव्हतं, दिराने घराला कुलूप घातलं, आणि गावात ठरूनच गेलं की त्या जागेतलं काही घरात आणायचं नाही, काडी सुद्धा. त्याच सुमारास वडिलांची बदली झाली आणि आमचं पुण्याला यायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली चल, आणि डालड्याचा रिकामा डबा घेऊन पाणंदीत शिरली. दिवे लागून गेले होते. जी बाई मला जन्मभर संध्याकाळी पानाला हात लावू देत नव्हती ती त्या पन्हळीखाली उकिडवी बसून हातांनीच चिखल उपसत होती, कारण दिवसा कुणी बघितलं असतं. मी विचारलं, "आई, झाडं झोपलेली असतात ना?" ती म्हणाली, "चोरून आणलेलं झाड लागतं. गप्प उभी राहा." एसटीत तो डबा तिच्या पायाशी होता, वर फडकं बांधलेलं, आणि गगनबावड्याच्या घाटात मला उलटी झाली ती गाडी लागून की त्या वासाने हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वेखंड बियांनी नाही, गड्डा तोडूनच लावायचं असतं. म्हणजे डबा गेला, मग कुंडी आली, आई गेली, मग बादली आली, पण आत आहे ते तिचंच.

काल संध्याकाळी बेल वाजली. ती होती. रोझमेरी गेली म्हणाली, चेहरा पाडून. मी म्हटलं जाऊ दे, आत ये. बाल्कनीत आली, निळ्या बादलीशी थांबली, वाकून पान चुरगाळलं आणि म्हणाली, "काकू, हे काय आहे? याचं काय करायचं असतं?" मी वेखंड एवढंच सांगितलं. पोटात घ्यायचं नाही, हेही सांगितलं. बाकी संरक्षण की झोप की पैसा, पाटीवर काय लिहायचं ते तिचं ती बघेल. "मला थोडं द्याल? उद्या सकाळी येते, आत्ता झोपलं असेल ना." मी क्षणभर गप्प राहिले. मग म्हटलं, "बादलीमागे खुरपं आहे. मी आत दूध बघते. मी दिलेलं नाही, काय? तुझी तू घे."

ती गोंधळून बघत राहिली. मी आत येऊन गॅसकडे तोंड करून उभी राहिले, दूध अजून तापायला ठेवलंच नव्हतं. बाहेर खुरपं बादलीला दोनदा खटकलं. मग जरा वेळ काहीच नाही, आणि मग स्वयंपाकघरापर्यंत तो वास आला.